खेळातून अभ्यास, अभ्यासातून रुग्णसेवा
(वार्षिक सभेत परिचारिका शिक्षण विभागातर्फे केलेले भाषण)



बोरगाव मेघे येथील आपल्या रुग्णालयात केरळ, छत्तीसगड व मध्य प्रदेशातून आलेल्या अनेक परिचारिका सेवा देत आहेत. शुश्रूषेत त्या निपुण आहेत. अडचण येते ती भाषेची व पुढील अभ्यासाची. एका रात्री एका वृद्ध रुग्णाने, "सिस्टर, जीव घाबरून रायला," असे सांगितले. नव्याने रुजू झालेल्या भगिनीस वाटले की त्यांना भीती वाटते आहे. तिने धीर दिला. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या मुलीने अर्थ सांगितला, म्हणून डॉक्टरांना वेळेत बोलावता आले. दोष त्या भगिनीचा नव्हता. ही बोली तिला आम्ही शिकवलीच नव्हती.

त्यानंतर आम्ही वर्ग सुरू केला. परंतु ड्युटी करून थकलेल्या भगिनी चुकण्याच्या संकोचाने गप्प बसत. म्हणून खेळ आणले. पत्त्यांच्या एका बाजूस वऱ्हाडी तक्रार व दुसऱ्या बाजूस वैद्यकीय संज्ञा आणि रुग्णास विचारावयाचा पुढचा प्रश्न असतो. सापशिडीच्या घरांत गणिते असतात. उदाहरणार्थ, ५०० मि.लि. सलाईन ४ तासांत द्यावयाचे आहे व संचातून १ मि.लि.ला २० थेंब पडतात, तर मिनिटाला थेंब किती? १०,००० थेंबांना २४० मिनिटांनी भागले की उत्तर सुमारे ४२ येते. ४ तासांऐवजी २ तास धरले तर वेग दुप्पट होतो. पटावर त्याची शिक्षा म्हणजे साप; वॉर्डात मात्र दुबळ्या हृदयाच्या रुग्णाच्या फुफ्फुसांत पाणी साचू शकते.

खेळ म्हणजे संपूर्ण अभ्यास नव्हे, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून डाव संपल्यावर प्रत्येकीने एका रुग्णाची नोंद पाच ओळींत इंग्रजीत लिहावी, असा नियम आहे. जोडीला मराठी भाषक परिचारिका असते. ती बोली समजावते आणि स्वतः इंग्रजी लेखन शिकते. दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमाची उमेद बाळगणाऱ्या भगिनींना हा सराव उपयोगी पडतो.

वर्ध्यास हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथेच शिक्षण परिषद भरली व नई तालीमचा पाया घातला गेला. तेथे हस्तोद्योग होता, येथे खेळ आहे. करून शिकण्याचे तत्त्व एकच.

आमची मागणी मोठी नाही. पुठ्ठे आणि सोंगट्या स्वस्त आहेत. महाग आहे तो वेळ. हा वर्ग ड्युटीच्या वेळेतच घेता यावा, यासाठी त्या तासापुरत्या बदली परिचारिकेच्या मानधनाची तरतूद व्हावी. आणि आप्तजनहो, आपल्या घरचे दुखण्याखुपण्याचे शब्द आम्हांस सांगावेत. प्रत्येक शब्दाचा एक पत्ता होईल.