चावीच्या फोनोवरचे बीटल्स



बीटल्सच्या तबकड्यांचा विषय चिंचवडच्या व्यासपीठावर कशासाठी, असे कुणाच्या मनात आले असेल, तर त्यात वावगे काही नाही. परंतु तबकडी हा साच्यात दाबून काढलेला माल आहे, आणि साचा, वाफ, दाब ही भाषा भोसरी-चाकणच्या श्रोत्यांना शिकवावी लागत नाही. कोरलेल्या मूळ मुद्रिकेवर निकेलचा थर चढवून तो सोलला की उलटा ठसा मिळतो. त्यावरून ‘माता’ घडते, मातेवरून छापाचे साचे. तापलेल्या दोन साच्यांत मालाचा गोळा ठेवायचा, दाबायचा, पाण्याने निववायचा; झाली तबकडी!

‘लव्ह मी डू’ ही बीटल्सची तबकडी ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९६२ मध्ये निघाली. आपले औद्योगिक विकास महामंडळही त्याच वर्षी ऑगस्टात स्थापन झाले. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी तोवर ब्रिटनमधून गेली होती. तेथे बीटल्स विकले गेले ते ४५ फेऱ्यांच्या, प्लॅस्टिकच्या लहान तबकडीवर. आपल्याकडे मात्र कलकत्त्याजवळ दमदमला ग्रामोफोन कंपनी त्यांचीच गाणी ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर छापीत होती, आणि हे त्या दशकाच्या मध्यापर्यंत चालले. माल जुनाच: लाख, दगडाची पूड, काजळी. हातून निसटली की ठिकऱ्या.

याचे कारण गाण्यात नाही, घरात आहे. असंख्य खेड्यांत वीज नव्हती. चावीच्या फोनोला वीज लागत नाही आणि त्याची पोलादी सुई ७८चीच तबकडी वाजवते. विजेच्या गिटारींवर वाजलेले गाणे आपल्याकडे हाताने चावी देऊन ऐकता येत होते, ही गंमत लंडनकरांना ठाऊक असेल की नाही कोण जाणे! गाणीही जेमतेम दोन-तीन मिनिटांची, म्हणून एका बाजूत बसली. १९६८चे ‘हे ज्यूड’ सात मिनिटांचे; ते बसते ना.

आज परदेशचे संग्राहक याच तबकड्यांसाठी मोठी किंमत मोजतात. मधल्या कडेवरचा साचाक्रमांक ते भिंग लावून वाचतात. परंतु लेबलावर कुणी शाईने नाव-गाव लिहिले असेल, तर तो डाग समजून किंमत उतरवतात. मला हे उफराटे वाटते. क्रमांक कारखाना सांगतो. तबकडी कोणत्या घरी वाजली, हे त्या शाईवाचून कळणार कसे? आपल्या माळ्यावर अशी एखादी निघाली, तर विकण्यास हरकत नाही. लेबल मात्र पुसू नका. आणि ती कुणी, कोठून आणली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारून ठेवा.