काळजीचे दुखणे आणि विमा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



छातीत धडधड, झोप नाही, उगाच भीती. याला आपण ‘स्वभाव’ म्हणतो. पण तो आजार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपनीने तो शारीरिक आजारासारखाच धरावयाचा आहे. मात्र मेख अशी, की बहुतेक पॉलिसी इस्पितळात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि या दुखण्याला दाखल होते कोण? फी, गोळ्या घरखर्चातूनच जातात. तेव्हा ‘ओपीडी’चा खर्च मिळतो का, हे आधी विचारावे.

आमच्या शेजारच्या वहिनींनी लोकलाजेस्तव फॉर्मात गोळ्या लपवल्या. पुढे क्लेम नाकारला गेला. मधुमेह लिहितो ना आपण? तसेच हेही लिहावे.

विमा नसला तरी १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून फुकट बोलता येते. घरात बोलणे अवघड वाटत असेल, तर दुपारी मंडळाच्या खोलीत येऊन फोन करा.