कोणती आष्टी, कोणते कल्याण?



परिषदेच्या अध्यक्षाने इतिहासाच्या थोरवीवर बोलावे असा रिवाज आहे. तो मोडून मी एका किरकोळ समजल्या जाणाऱ्या कामाविषयी बोलणार आहे. जुन्या कागदात आलेले गाव नेमके कोणते, हे कसे ठरवायचे?

१६५७ साल घ्या. त्या पावसाळ्यात औरंगजेबाने विजापूरकरांकडून कल्याणीचा किल्ला घेतला. हे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले, चालुक्यांची जुनी राजधानी. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तीही विजापूरकरांकडूनच. साल एक, गमावणारा दरबार एक आणि नावांत फरक जेमतेम एका वेलांटीचा. घाईच्या मोडीत ती वेलांटी हरवायला कितीसा वेळ लागतो? तिसरे कल्याण सिंहगडाच्या पायथ्याशी आहे. गडाचा कल्याण दरवाजा त्या गावाकडे उतरतो, पण उत्साही मंडळी त्याच दरवाजाने थेट ठाण्याच्या खाडीवर जाऊन पोहोचतात! त्यांना अडवणारे कोणी नसते.

आष्टीचे प्रकरण याहून नाजूक. २० फेब्रुवारी १८१८ रोजी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले लढाईत पडले ती आष्टी कोणती? आष्टी तालुका म्हटले की बीड जिल्हा आठवतो. वर्धा जिल्ह्यातली आष्टी १९४२च्या चिमूर-आष्टीच्या उठावामुळे सर्वांना ठाऊक. लढाई झाली ती मात्र सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला. उद्या या लढाईचे सगळे कागद जळाले आणि त्यांतली 'आष्टीवर लढाई जाहली' एवढीच ओळ हाती राहिली, असे धरा. तरीही हा निकाल लावता येईल. सातारा इंग्रजांच्या हाती पडला तो त्याच महिन्यात, लढाईच्या जेमतेम दहा दिवस आधी. दुसरा बाजीराव त्या दिवसांत सोलापूर-पंढरपूरच्या टापूत फिरत होता आणि इंग्रजांचा जनरल स्मिथ पाठलागावर होता. वर्धा तिथेच बाद. बीडची आष्टी पंढरपूरपासून शंभर किलोमीटरहून दूर, मोहोळची एका मजलेवर. फौजेच्या मुक्कामांची यादी मांडा, दोन मुक्कामांमधले अंतर मोजा. घोडा, तोफा आणि बाजारबुणगे दिवसात किती चालतील ते बघा. नकाशावर पट्टी ठेवायचा कंटाळा करणाऱ्याने मोहिमांवर लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

महसुली कागदांत मुक्काम नसतात. तिथे मौजे, तर्फ आणि परगणा ही साखळी धरावी लागते, आणि नेमकी तीच बऱ्याचदा तुटलेली असते. कारकुनाचा दोष नाही. वडगाव बुद्रुक की खुर्द, हे लिहिणाऱ्याला माहीत होते आणि वाचणाऱ्यालाही. अडीच-तीनशे वर्षांनी आपण नाक खुपसणार आहोत, याची त्याला काय कल्पना? अशा वेळी मी महजराच्या, म्हणजे निवाडापत्राच्या, शेवटाकडे जातो. निवाड्याला जमलेल्या गोतात आसपासच्या गावांचे पाटील असतात, त्यांची नावे असतात, खाली नांगराच्या निशाण्या असतात. मजकूर नुसते 'वडगाव' म्हणून मोकळा होतो, पण साक्षीला आलेली पाच-सहा गावे नकाशावर टिंबे देऊन मांडली की त्यांच्या घोळक्यातले वडगाव आपोआप पुढे येते. शेजार खोटे बोलत नाही. बोललाच तरी सगळा शेजार एकाच दिशेने खोटे बोलणे अवघड.

आता आपल्याच काळाने केलेला घोळ. पुणे जिल्ह्यातल्या खेड गावाचे राजगुरुनगर झाले, त्यामुळे जुन्या कागदातले 'खेड' आजच्या नकाशावर शोधणारा नवशिका रत्नागिरी जिल्ह्यात उतरतो. धरणांनी तर गावे हलवली आणि नावे सोबत नेली. उजनीच्या पाण्यात जुने पळसदेव गेले. दुष्काळी उन्हाळ्यात त्याचे देऊळ उघडे पडते, वस्ती मात्र सोलापूर रस्त्याकडेला नव्याने बसली. मोबाइलवरचा नकाशा नवे ठिकाण दाखवतो. शिवेचा तंटा, नदीचा उतार, जुनी वाट असले काही तपासताना ते ठिकाण धरले, तर सगळी मोजणी फसते.

आणि आपल्या छापील साधनखंडांच्या स्थळसूच्या! 'वडगाव' या एका नोंदीपुढे पानांचे आकडे रांगेने उभे. त्यांत मावळातले वडगाव कुठले नि कोल्हापूरकडचे कुठले, हे वाचकाने ओळखायचे. संपादकाने वर्षानुवर्षे खपून कागद छापावेत आणि सूची शेवटच्या आठवड्यात उरकावी, ही आपली जुनी खोड आहे.

म्हणून एक ठराव सुचवतो. परिषदेच्या पुढील प्रत्येक खंडात एकनाम गावांची नोंद परगण्यासह वेगळी व्हावी, ओळख कशावरून पटवली ते दोन शब्दांत द्यावे, आणि पटली नसेल तिथे 'अनिश्चित' असे निःसंकोच छापावे. मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा घ्यावी, ही विनंती.