बागेतली खोली



जानेवारीत आमच्या गटाचं हळदीकुंकू झालं. वाडीत घरोघर बोलावणं केलं, पण कलमांच्या बागेतल्या खोलीशी मी थांबलेच नाही. तिथे राखणीचं नेपाळी कुटुंब राहतं. त्यांची मुलगी दुसरीत आहे. चेहरा वेगळा म्हणून पोरं तिला 'चिनी' म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिने मला वाटेत गाठलं. "काकी, आमच्याकडे नाय आलात?" बोली अगदी आपल्या वाडीची. मला उत्तर सुचलं नाही.

बैठकीत मी विषय काढला. आक्का म्हणाल्या, "आज एक खोली, उद्या अख्खी वाडी त्यांची."

आक्कांची भीती मला कळते. अर्ध्या घरांना कुलपं आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८० हजारांनी घटली. पण पोरं मुंबईला गेली ती आपल्या पायांनी. राखणीला आणि होडीवर खलाशी म्हणून माणूस मिळेना, तेव्हा नेपाळी आले.

आपली माणसंही अशीच गेली होती, मॉरिशसला. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी करारावर मजूर नेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातलेही होते. १८६१ पर्यंत बेटावर निम्म्याहून जास्त माणसं हिंदुस्थानातली झाली. मळेवाल्यांना राबणारे हात हवे होते, शेजारी नको होते. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही फोटोचा पास जवळ ठेवावा लागे. नसला तर पोलीस धरत. १८७१ साली नऊ हजारांवर मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला. तो लिहून देणारा आडॉल्फ द प्लेविट्झ गोराच होता, मळा सांभाळणारा. त्याला गोऱ्यांनीच मारहाण केली. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

"ती आपली माणसं होती," आक्का म्हणाल्या.

"तिथे त्यांना कोण आपलं म्हणत होतं, आक्का?" मी विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत. पटलं म्हणून नव्हे, रागावल्या होत्या.

रथसप्तमीच्या आत मी वाण घेऊन खोलीवर गेले. तिने चहा केला. तीन वर्षं मी तिला 'नेपाळीण' म्हणत होते, नाव त्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकते, पण डब्यात. तिला गटात घ्यायचं का, हा विषय पुढच्या बैठकीत आहे. आक्कांचा अजून नकारच आहे.