गावाची स्मृती गावाजवळच



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजधानी उभी राहते. सिंहासने, लढाया, तह आणि फर्माने यांचे कागद राजधानीत जपले जातात, आणि ते जपले जावेत यात वाद नाही. परंतु गावच्या शिवेचा तंटा कसा मिटला, दुष्काळात कोणाच्या घरी धान्य पोचले, पाणंद कोणाच्या शेतातून जात होती, निराधार विधवेला गावाने काय दिले, या गोष्टींचा कागद कोणी जपायचा? इंग्लंडने हा प्रश्न स्वतःला काहीशा उशिराच विचारला; परंतु विचारल्यानंतर त्याचे उत्तर जिल्ह्याच्या पातळीवर शोधले. ‘कौंटी’ म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा घटक. त्या कौंटीचे अभिलेखागार हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्याकडून काय शिकायचे, असे कोणाच्या मनात येईल. त्याला उत्तर एवढेच, की गुण जेथे दिसेल तेथून घ्यावा, ही आपलीच जुनी रीत आहे.

तीन कुलुपांची पेटी

लंडनमध्ये शासकीय कागदपत्रांसाठी १८३८ च्या कायद्याने ‘पब्लिक रेकॉर्ड ऑफिस’ स्थापन झाले. १८६९ मध्ये खासगी संग्रहांतील हस्तलिखितांची पाहणी करण्यासाठी एक आयोग नेमला गेला. राष्ट्राच्या कागदांची सोय लागली. कौंटीचे आणि गावाचे कागद मात्र जेथे होते तेथेच राहिले. कोठे न्यायालयाच्या तळघरात, कोठे वकिलाच्या कपाटात, कोठे जमीनदाराच्या माळ्यावर.

हे कागद किरकोळ नव्हते. वर्षातून चार वेळा कौंटीच्या दंडाधिकाऱ्यांची सभा भरत असे. चोरीच्या खटल्यापासून पुलाच्या दुरुस्तीपर्यंत सारा कारभार तेथे चाले. ही व्यवस्था १९७१ च्या कायद्याने संपेपर्यंत काही शतके टिकली आणि तिच्या मागे कागदांच्या गुंडाळ्यांचे ढीग राहिले.

चर्चच्या अखत्यारीतील गावाला ‘पॅरिश’ म्हणतात. १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेल याने आज्ञा काढली, की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. पुढे १६०३ च्या धर्मनियमांनी या नोंदींसाठी तीन कुलुपांची पेटी सांगितली. एक किल्ली धर्मगुरूकडे, उरलेल्या दोन गावाने निवडलेल्या दोघा कारभाऱ्यांकडे. तिघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडत नसे. गावाच्या स्मृतीवर कोणा एकाची मालकी असू नये, हे तत्त्व त्या तीन कुलुपांत सामावलेले होते.

त्याच पेट्यांत गरिबांचे कागदही साठले. १६६२ च्या कायद्याप्रमाणे निराधाराला पोसण्याची जबाबदारी त्याच्या मूळ पॅरिशवर होती. साहजिकच मूळ पॅरिश कोणते, याची चौकशी होई. मजुराला शपथेवर सांगावे लागे, की जन्म कोठे झाला, चाकरी कोणाकडे किती वर्षे केली, मजुरी काय मिळाली, लग्न कोणाशी झाले. ज्याने आयुष्यात स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली नाही, त्याची जीवनकथा अशा जबान्यांत उतरलेली आहे. चौकशीचा हेतू पुष्कळदा त्याला गावाबाहेर घालवण्याचा होता. परंतु कागद टिकला म्हणून आज त्या मजुराचा आवाज ऐकू येतो.

आणखी एक उदाहरण नकाशांचे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्याची जुनी प्रथा होती. १८३६ च्या कायद्याने त्याचे रोख रकमेत रूपांतर केले आणि त्यासाठी गावोगाव मोजणी झाली. शेताचा मालक कोण, कसणारा कोण, शेताचे नाव काय, क्षेत्र किती, त्यात पीक आहे की कुरण, हे सर्व लिहिले गेले. या नकाशांच्या तीन प्रती केल्या गेल्या: एक शासनाकडे, एक बिशपकडे, एक गावाकडे. ओढ्याची जुनी धार किंवा विसरलेले शेताचे नाव शोधायचे असेल, तर आजही अभ्यासक या नकाशाकडेच वळतो.

एक प्राणिशास्त्रज्ञ आणि एक स्त्री

हे सारे एकत्र आणण्याचा आरंभ एका प्राणिशास्त्रज्ञाने केला, हे ऐकून आश्चर्य वाटेल. जॉर्ज हर्बर्ट फाउलर हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवीत. समुद्रातील जीव हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. पुढे ते बेडफर्डशायरमध्ये राहावयास आले. १९१२ मध्ये त्यांनी कौंटीच्या इतिहाससाधनांसाठी एक संस्था स्थापन केली आणि १९१३ मध्ये कौंटी परिषदेच्या कागदपत्रविषयक समितीची सूत्रे हाती घेतली. इंग्लंडमधील पहिले कौंटी अभिलेखागार म्हणून बेडफर्डचे नाव घेतले जाते, ते याच प्रयत्नामुळे. शास्त्रज्ञाची शिस्त त्यांनी दफ्तराला लावली. कागद स्वच्छ करावा, त्याला क्रमांक द्यावा, सूची करावी, आगीपासून सुरक्षित खोलीत ठेवावा. १९२३ मध्ये या अनुभवावर त्यांनी पुस्तक लिहिले. त्याच वर्षी एफ. जी. एमिसन नावाचा शाळेतून नुकताच बाहेर पडलेला तरुण त्यांच्या हाताखाली दाखल झाला. पुढे १९३८ मध्ये एसेक्स कौंटीचे अभिलेखागार याच तरुणाने उभे केले. एका कार्यकर्त्याने दुसरा घडवला आणि दुसऱ्याने नवे केंद्र उभारले. कार्य वाढते ते असेच.

याच सुमारास एक संकट उभे राहिले. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये जमीनविषयक कायदे बदलले. मालकी सिद्ध करण्यासाठी शतकांपूर्वीच्या खरेदीखतांची गरज उरली नाही. वकिलांच्या कचेऱ्यांतील जुनी चर्मपत्रे एकाएकी अडगळ ठरली. कित्येक रद्दीत गेली आणि काहींपासून तर दिव्यांवरची शोभेची आच्छादने बनली. कागदाचा व्यवहारातील उपयोग संपला, की तो मरणाच्या दारात उभा राहतो. त्याच क्षणी त्याला जपणारा हात लागतो.

नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये तो हात जोन वेक या स्त्रीचा होता. १९२० मध्ये त्यांनी आपल्या कौंटीत इतिहाससाधनांसाठी संस्था काढली. जमीनदारांची घरे, वकिलांच्या कचेऱ्या, माळे आणि तळघरे यांतून त्यांनी कागद मिळवले. कागद आला, पण ठेवायला जागा हवी. डेलाप्रे ॲबे ही जुनी वास्तू पाडण्याचे घाटत होते. ती वाचवण्यासाठी वेक यांनी लोकमत जागवले, आणि १९५९ मध्ये कौंटीचे अभिलेखागार त्याच वास्तूत आले. कागद वाचवताना वास्तूही वाचली.

मालकी तुमची, राखण आमची

लोकांनी घरचे कागद या अभिलेखागारांकडे का दिले, हे समजून घेण्याजोगे आहे. देणगीखेरीज तेथे दुसरा मार्ग आहे, तो ठेवीचा. कागदाची मालकी कुटुंबाकडेच राहते, कौंटी त्याची राखण करते, सूची करते आणि अभ्यासकाला दाखवते. घराण्याचा कागद सरकारजमा होईल ही भीती त्यामुळे राहिली नाही. कायद्याच्या सक्तीने जे साधले नसते, ते विश्वासाने साधले.

दुसरे तत्त्व क्रमाचे. कागद ज्याच्याकडून ज्या जुडग्यात आला, तो क्रम मोडायचा नाही. विषयवार वाटण्या करण्याचा मोह होतो. परंतु जुडगे फुटले, की कोणत्या कागदाला कोणता कागद उत्तर होता हे कळेनासे होते. हिलरी जेंकिन्सन यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात अभिलेखांच्या भौतिक रक्षणाबरोबर त्यांच्या नैतिक रक्षणाचाही आग्रह धरला, तो याच अर्थाने. वाचनकक्षातील नियमही साधे आहेत. शाईचे पेन नाही, फक्त पेन्सिल, खाणेपिणे नाही. फाटलेला कागद जपानी पातळ कागदाने आणि गव्हाच्या खळीने सांधतात, कारण ती दुरुस्ती पुढे पाण्याने सोडवता येते. आपली चूक पुढच्या पिढीला सुधारता यावी, एवढा विनय त्या खळीत आहे.

सर्व काही एका ठिकाणी ठेवण्याचा धोका

मग सारे कागद राजधानीत एकत्र का ठेवू नयेत? या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या आयर्लंडने फार मोठी किंमत देऊन दिले. तेथे १८७० च्या दशकातील कायद्याने चर्च ऑफ आयर्लंडच्या जुन्या नोंदवह्या सार्वजनिक अभिलेख ठरल्या आणि शेकडो पॅरिशांच्या वह्या डब्लिनच्या मध्यवर्ती अभिलेखागारात गेल्या. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात ती इमारत स्फोट आणि आगीत उद्ध्वस्त झाली. कित्येक शतकांचा ऐवज काही तासांत राख झाला. ज्या पॅरिशांना आपल्या वह्या स्वतःकडे ठेवण्याची परवानगी मिळाली होती, त्यांच्या वह्या वाचल्या. शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, जगभर विखुरलेल्या प्रती आणि उतारे जमवून त्या अभिलेखागाराची संगणकीय पुनर्रचना लोकांसमोर आली. गेलेले सारे परत आले नाही. जे आले, ते दुसरीकडे प्रत होती म्हणून आले.

स्थानिक ठिकाणही आपोआप सुरक्षित होत नाही. मे १९४२ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात एक्सेटर शहर होरपळले आणि डेव्हन कौंटीतील जुन्या मृत्युपत्रांचा मोठा साठा नष्ट झाला. यावरून धडा स्पष्ट आहे. मूळ कागद गावाजवळ, मजबूत खोलीत असावा आणि त्याची प्रत दूर असावी.

पुन्हा नॉर्थॅम्प्टनशायर

१९७२ च्या कायद्याने इंग्लंडमधील परिषदांवर आपल्या ताब्यातील कागदपत्रांची ‘योग्य व्यवस्था’ करण्याचे बंधन घातले. योग्य म्हणजे काय, हे मात्र कायद्याने सांगितले नाही. पैशाची चणचण आली, की अशा मोघम शब्दाची परीक्षा होते. ज्या नॉर्थॅम्प्टनशायरसाठी जोन वेक यांनी आयुष्य वेचले, त्याच कौंटीच्या परिषदेने २०१७ मध्ये अभिलेखागाराच्या विनामूल्य वेळा कमी करण्याचे आणि त्या वेळांबाहेर वाचकाकडून तासाला तीस पौंडांहून अधिक शुल्क घेण्याचे जाहीर केले. इतिहासाचे अभ्यासक आणि आपल्या घराण्याचा शोध घेणारे सामान्य नागरिक यांनी निषेधाचे अर्ज केले, सह्या जमवल्या, आणि परिषदेला आपला निर्णय बदलावा लागला. शासनाची तिजोरी रिकामी झाली तेव्हा समाज पहाऱ्याला उभा राहिला. संस्था पूर्वजांनी उभारली म्हणून ती टिकतेच असे नाही. प्रत्येक पिढीला ती नव्याने राखावी लागते.

आपल्या घरातील रुमाल

फाउलर बेडफर्डमध्ये काम सुरू करीत होते, त्याच्या आधीच महाराष्ट्रात हा यज्ञ पेटला होता, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वाई येथे मिळालेल्या पत्रांच्या आधारे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. परकी सत्ता डोक्यावर असताना, कोणत्याही राजाश्रयाविना हे घडले. घरोघर हिंडून रुमाल उघडणारे राजवाडे आणि माळ्यावरची चर्मपत्रे वाचवणाऱ्या वेक एकमेकांना ओळखत नव्हते. परंतु त्यांची तळमळ एकाच जातीची होती.

फरक पडला तो पुढे. तेथे एकेका व्यक्तीच्या ध्यासातून गावाजवळची स्थायी व्यवस्था उभी राहिली आणि बहुतेक प्रत्येक कौंटीला तिचा लाभ झाला. आपल्याकडे पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत, मंडळासारख्या संस्था आहेत. तरीही खेड्यातील जुन्या घराच्या माळ्यावरचा रुमाल अजून वाळवीची वाट पाहत पडलेला असतो. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, तर मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने संपले. सामाजिक दृष्टीने ते योग्यच होते. परंतु त्याबरोबर महजर, निवाडे, वतनपत्रे आणि जमाखर्चाच्या वह्या यांचा व्यवहारातील उपयोगही संपला. इंग्लंडमधील चर्मपत्रांवर आलेली वेळ ती हीच. त्यातच हे कागद मोडी लिपीत. नातवंडांना अक्षर लागत नाही, मग कागदाचे मोल कसे कळावे?

म्हणून कार्यकर्त्याने आणि कुटुंबाने करावयाची कामे अगदी साधी आहेत. घरात रुमाल असेल तर तो फेकू नये. कागदांची सरमिसळ करू नये. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये, टिकेल या समजुतीने प्लास्टिकचे आवरण चढवू नये. रुमाल कोणत्या घरातून, कोणत्या गावातून आला, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे. कागदाची स्वच्छ छायाचित्रे काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवावीत. मोडी जाणणाऱ्याला ती दाखवावीत आणि शक्य असेल तेथे घरातील एका तरुणाने मोडी शिकावी; राज्याचे पुराभिलेख खाते त्यासाठी प्रशिक्षण वर्ग घेत आले आहे. त्यानंतर मूळ कागद कोणा जाणत्या संस्थेच्या हाती सोपवावा.

त्या रुमालात घराण्याच्या पराक्रमाची सनद निघेल असे नाही. कदाचित कर्जाची नोंद निघेल, भाऊबंदकीचा निवाडा निघेल, पूर्वजाने कोणावर केलेला अन्यायही निघेल. तोही कागद तितक्याच आस्थेने जपावा. गौरवाचे तेवढे ठेवून बाकीचे जाळणाऱ्याला इतिहास मिळत नाही, फक्त स्तुती मिळते. त्या जुन्या पेटीच्या तीन किल्ल्या तिघांकडे होत्या. आपल्या गावच्या पेटीची एक किल्ली आपल्याकडे आहे, याचे भान प्रत्येक घराने ठेवले, तर गावाची स्मृती गावाजवळच सुखरूप राहील.