पडलेला आंबा कुणाचा?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



गणपतीसमोर उभे राहून माशीवर बोलायचे, हे काहींना विचित्र वाटेल. पण बाप्पाच्या डोक्यावरच्या माटोळीकडे एकदा बघा. तवशी, दोडकी, पेरू ही सगळी फळमाशीच्या आवडीची फळे. मे महिन्यात हीच मंडळी आपल्या मानकुरादावर असतात. वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा कापला आणि आत अळ्या वळवळताना दिसल्या, असे झाले नाही असे घर गोव्यात क्वचितच सापडेल.

आम्ही शेतीची पदविका घेऊन सरकारी नोकरीत शिरलेली, गावोगाव फिरणारी माणसे. आम्हांला बागेत नेले की पहिला प्रश्न ठरलेला : "साहेब, औषध कुठले मारू?" फळमाशीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी ती जगते कशी ते सांगावे लागते.

मादी माशी पिकायला आलेल्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. एक मादी आयुष्यभरात हजाराच्या वर अंडी घालू शकते. उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि आठवडाभर गर खातात. वरून मारलेले औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मग फळ गळते. अळ्या त्यातून निघून जमिनीत शिरतात, तिथे कोष करतात आणि आठ-दहा दिवसांत माशी होऊन उडतात. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंतचा सगळा खेळ तीनेक आठवड्यांचा. आंबा संपला की ती पेरूवर जाते, चिकूवर जाते. तिला उपाशी राहण्याची वेळच येत नाही.

आता यातली आपल्या हातात येणारी जागा कोणती? झाडाखाली पडलेले फळ. अळी त्यात असते, जमिनीत उतरलेली नसते. हंगामात रोज सकाळी पडलेली फळे गोळा करून दोन फूट खोल पुरली, किंवा जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवली, तर ती पिढी तिथेच संपते. फळे कुंपणापलीकडे भिरकावली किंवा उकिरड्यावर टाकली, तर आपण माशी पाळली असे समजावे.

दुसरा उपाय सापळ्याचा. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. बिहारमधील पुसा येथे हाउलेट नावाचे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ काम करीत होते. गवती चहाच्या जातीच्या सिट्रोनेला गवताच्या तेलावर या माशीचे नर तुटून पडतात, हे त्यांनी 1912 साली प्रसिद्ध केले. त्या तेलातील मिथिल युजेनॉल हे द्रव्य नरांना ओढून आणते, हे 1915 साली त्यांनी मांडले. आपल्या अंगणातील तुळशीतही हे द्रव्य कमी-अधिक प्रमाणात असते. त्यावरच आजचे सापळे चालतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'रक्षक' नावाचा सापळा तयार केला, तो याच जातीचा. काही सापळ्यांत द्रव्याबरोबर थोडे कीटकनाशकही असते, पण ते डब्यात राहते, फळावर जात नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तवशी, दोडकी, कारली यांवरची माशी वेगळी. ती मिथिल युजेनॉलला भुलत नाही. तिच्यासाठी क्यू-ल्युअरचा सापळा लागतो. आंब्याचा सापळा तवशीच्या मांडवात टांगून "काही उपयोग नाही" म्हणणारे लोक आम्हांला दर पावसाळ्यात भेटतात.

सापळ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यात फक्त नर सापडतात. थोडे नर शिल्लक राहिले तरी माद्यांना पुरतात. शिवाय शेजारच्या बागेत मिलन झालेली मादी आपल्या बागेत येऊन अंडी घालते, तिला सापळ्याशी देणेघेणे नसते. म्हणून एकट्याने लावलेला सापळा मनाचे समाधान जास्त करतो. जपानने आपल्या दक्षिणेकडच्या ओकिनावा वगैरे बेटांवर मिथिल युजेनॉलच्याच जोरावर 1986 पर्यंत ही माशी पूर्ण संपवली. पण तिथे समुद्राचे कुंपण होते, आणि काम एका बागेत नव्हे, सगळ्या बेटांवर केले गेले.

तिसरा मदतनीस आपल्या झाडावरच असतो : हुमले. पाने शिवून घरटे करणाऱ्या या तांबड्या मुंग्या चीनमधील शेतकरी संत्रावर्गीय झाडांवर मुद्दाम सोडत, अशी नोंद इसवी सन 304 च्या चिनी ग्रंथात आहे. त्या अळ्या खातात, आणि त्यांचा वावर असलेल्या फळावर माशी बसायला कचरते. त्या चावतात, पिठ्या ढेकणासारख्या किडींना सांभाळतात, हेही खरे. पण घरटे दिसले की चूड लावायची, ही रीत आता सोडावी. अंगणातल्या एक-दोन झाडांसाठी आणखी सोपा उपाय : फळ कोंबडीच्या अंड्याएवढे झाले की हाताला येणाऱ्या फांद्यांवर कागदी पिशव्या बांधा. माशीला साल सापडली नाही की अंडे नाही.

एवढ्याशा माशीचा बाऊ कशाला, असे कुणी म्हणेल. 1 मे 2014 पासून युरोपीय महासंघाने भारतातील आंबा आणि चार भाज्यांची आयात बंद केली होती. कारण मालात सापडलेल्या फळमाश्या आणि इतर किडी. आंब्यावरची बंदी उठायला 2015 उजाडले. 2023 साली आपल्या मानकुरादाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाचा कागद आतली अळी झाकू शकत नाही.

आता जरा घरचे बोलतो. आपल्यापैकी पुष्कळांचे मूळ घर गावाला आहे आणि त्याला कुलूप आहे. चतुर्थीला आपण ते उघडतो, झाडतो, माटोळी बांधतो आणि पाच किंवा सात दिवसांनी पुन्हा कुलूप लावतो. मे महिन्यात तिथे कुणी नसते. झाड मात्र आपल्या वेळेला फळते. आंबे पडतात, कुजतात, आणि त्यांतून निघालेली माशी शेजारच्या कुळागरात जाते. त्या शेजाऱ्याचे वर्ष त्या बागेवर अवलंबून असते. तो आपल्याला काही बोलत नाही. आपल्या आजोबांना त्याने पाहिलेले असते. रोज आपल्या झाडाखालचे वेचतो, सापळे लावतो, आणि तरी त्याचा आंबा सडतो. गावोगाव आम्ही हे बघतो. उभ्या झाडावरचे फळ आपले म्हणून आपण हक्क सांगतो. मग पडलेला आंबा कुणाचा?

म्हणून या वर्षी गावी गेल्यावर एवढे करावे. शेजाऱ्याशी बसून बोलावे. पडलेली फळे वेचण्याची मोकळीक त्याला द्यावी. चांगली निघतील ती त्याने घ्यावीत, किडकी पुरावीत. लागल्यास एखाद्या गड्याची दीड-दोन महिन्यांची मजुरी आपण सगळ्या भावंडांनी मिळून द्यावी. वाड्यावरच्या सगळ्या घरांनी सापळे एकाच आठवड्यात टांगावेत आणि आतले द्रव्य वेळेवर बदलावे. कुठला सापळा, किती आणि कधी, हे विभागीय कृषी कार्यालयात विचारले तर सांगतात. विचारायला पैसे पडत नाहीत.

वर्गणी गोळा करून, कामे वाटून घेऊन उत्सव पार पाडण्याची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तीच सवय मे महिन्यात झाडाखाली न्यायची आहे. 

गणपती बाप्पा मोरया!