एका चमकीचा खटला
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी काहीतरी उपयोगाचे बोला, असे चिटणीसबाईंनी मला बजावले आहे. म्हणून आज एका चमकीची खरी गोष्ट सांगते. ती दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहरात घडली.

तेथील मुलींच्या एका शाळेत तामीळ हिंदू घरातली एक मुलगी शिकत होती. 2004 च्या सप्टेंबरात सुटीमध्ये तिने नाक टोचून घेतले आणि सोन्याची बारीक चमकी घालून ती शाळेत आली. कानांत साधे कानातले आणि हाताला घड्याळ, याखेरीज दागिना नको, असा शाळेचा नियम होता. आईने सांगितले, "मुलगी वयात आली की नाक टोचणे ही आमच्या घराण्याची रीत आहे. सोळा वर्षे पुरी झाली की आजी तिला हिऱ्याची चमकी घालणार आहे." शाळेने ऐकले नाही.

आई न्यायालयात गेली. समता न्यायालयात ती हरली, 2006 साली उच्च न्यायालयात जिंकली, आणि प्रकरण संविधान न्यायालयापर्यंत पोचले. 5 ऑक्टोबर 2007 रोजी सरन्यायाधीश पायस लांगा यांनी निकाल दिला. तोवर मुलीने शाळा सोडली होती. पण प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता, म्हणून न्यायालयाने तो सोडवला.

चमकी धर्माने सक्तीची नाही, हा आक्षेप होता. न्यायालय म्हणाले, सक्तीची नसली तरी मनापासून पाळलेल्या रीतीलाही संरक्षण आहे. शाळा सुटल्यावर घालावी, हेही त्यांना पटले नाही. आणि एका चमकीने शाळेची शिस्त बिघडते, असा पुरावा कोठेच नव्हता. अशा मुलींना सवलत कशी द्यावी, हे नियमांतच लिहा, असा आदेश शाळेला मिळाला.

प्रत्येक वेळी असाच निकाल लागतो, असे मात्र नाही. 2013 साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापुढे ब्रिटनमधील दोघींचे दावे एकत्र आले. दोघींनाही गळ्यात क्रूस घालायचा होता. विमान कंपनीतील बाई जिंकली. परिचारिका मात्र हरली, कारण रुग्णालयात सुरक्षिततेचा प्रश्न होता. मला हा भेद योग्य वाटतो. घालणारीला त्या वस्तूचे मोल किती आणि दुसऱ्याला अपाय किती, हे दोन्ही तोलून पाहिले पाहिजे.

भगिनींनो, परक्या देशातली ही गोष्ट आपल्या हळदीकुंकवापर्यंत येते. चमकी घालण्याचा हक्क त्या मुलीचा, तसाच न घालण्याचा हक्कही मुलीचाच. आणि नवरा गेला म्हणून जिचे कुंकू आपण पुसतो, तिला आपण काय विचारतो? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने 2022 साली ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यासाठी कोणाला न्यायालयात जावे लागले नाही. येत्या संक्रांतीला आपल्या शेजारच्या अशा एखाद्या ताईला आपणच बोलावू या. कुंकू लावायचे की नाही, ते तिचे तिला ठरवू द्या. आमंत्रण मात्र आपले असावे.